पंधरा वर्षांच्या मुलीचं बँक खातं: व्याजदर नंतर बघा, आधी सही कोणाची ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पंधरा वर्षांची, दहावी झाली की जूनपासून दुसऱ्या गावी वसतिगृहात राहणार. दर महिन्याला तीन-चार हजार रुपये पाठवायचे आहेत, पुढे शिष्यवृत्तीही त्याच खात्यात यावी अशी इच्छा आहे. बँकेचं 'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांचं खातं, पोस्टाचं खातं आणि मोबाईल ॲपवर मिळणारं प्रीपेड कार्ड, यातलं काय घ्यावं आणि कोणत्या बँकेत?

बँकेचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ठरवायचं ते हे, की खातं चालवणार कोण. अठरा वर्षांखालच्या मुलांची खाती दोन जातींची असतात, आणि काउंटरवर हा फरक आपणहून कोणी सांगत नाही. पहिल्या प्रकारात खातं मुलीच्या नावाचं, पण चालवतात आई किंवा वडील. पासबुकावर मुलीच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता असं लिहून पालकाचं नाव येतं, आणि पैसे काढायच्या स्लिपवर सही चालते ती फक्त पालकाची. दुसऱ्या प्रकारात मुलगी स्वतःच्या सहीने खातं चालवते. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना असं स्वतंत्र खातं देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने मे २०१४ मध्ये दिली होती. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने ती नव्याने मांडली आणि १ जुलै २०२५ पर्यंत बँकांनी आपली धोरणं त्याप्रमाणे करावीत असं सांगितलं. स्टेट बँकेचं उदाहरण घ्या. 'पहला कदम' हे पालकासोबतचं खातं, तर 'पहली उडान' हे दहा वर्षांवरच्या, एकसारखी सही करता येणाऱ्या मुलांचं स्वतंत्र खातं. बाकीच्या बँकांत नावं वेगळी, विभागणी हीच.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला पहिल्या प्रकारचं खातं जवळजवळ निरुपयोगी आहे. कार्ड हरवलं, पिन तीनदा चुकला, की ती शाखेत जाऊन स्वतःचे पाचशे रुपये काढू शकत नाही. सही बाबांची, आणि बाबा दोनशे किलोमीटरवर. तरीही सवयीने हाच अर्ज हातात दिला जातो, कारण लहान मुलांची खाती बहुतेक अशीच उघडतात. तेव्हा शाखेत वाक्य नेमकं वापरा: "दहा वर्षांवरील अज्ञान व्यक्तीने स्वतः चालवायचं बचत खातं हवं आहे."

स्वतंत्र खात्यात रोजची एटीएम मर्यादा, नेट बँकिंग, चेकबुक आणि जास्तीत जास्त शिल्लक किती, हे प्रत्येक बँक आपापल्या जोखीम धोरणानुसार ठरवते. म्हणून शेजारच्यांच्या अनुभवावर जाऊ नका, आपल्या बँकेचं छापील पत्रक मागा. कमाल शिल्लकेची अट विशेष विचारा. महिन्याच्या खर्चाला ती आड येत नाही, पण आजोबांनी कौतुकाने दोन लाख टाकले तर येऊ शकते. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: अज्ञान खात्यात ओव्हरड्राफ्ट नाही, शिल्लक कायम जमेतच राहिली पाहिजे. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करायला पात्र नाही, त्यामुळे तिला दिलेलं कर्ज बँकेला वसूलच करता येत नाही. पालकांच्या दृष्टीने ही अट सोन्यासारखी आहे. खात्यात आहे त्याहून जास्त जाऊ शकत नाही.

पालक म्हणून आईची सही चालते का, हे अजूनही विचारलं जातं. चालते. आईला पालक म्हणून खातं उघडू द्यावं असं रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच बँकांना कळवलं होतं. पुढे १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते असं स्पष्ट केलं. गंमत म्हणजे त्या खटल्यात समोर रिझर्व्ह बँकच होती. मुलाच्या नावाच्या रोख्यांच्या अर्जावर आईची सही पुरेशी धरली गेली नव्हती. आजी-आजोबा, काका, मामा यांना मात्र न्यायालयाच्या पालकत्वाच्या आदेशाशिवाय पालक म्हणून खातं उघडता येत नाही. पैसे भरायला त्यांना कोणतीच आडकाठी नाही.

आता मोबाईल नंबर. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अर्जावर सवयीने वडिलांचा नंबर लिहिला जातो. मग मुलगी पुस्तक मागवते, ओटीपी येतो वडिलांच्या फोनवर, ती फोन करून विचारते आणि वडील आकडे वाचून दाखवतात. चार महिन्यांत घरातल्या दोघांनाही फोनवर ओटीपी सांगायची सवय लागलेली असते, आणि भामट्यांना नेमकी हीच सवय हवी असते. शिवाय यूपीआय सुरू करायला बँकेत नोंदलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं. म्हणून खात्याला मुलीच्या हातातल्या फोनचा नंबर द्या. सिम आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असलं तरी हरकत नाही. नजर ठेवायची असेल तर ईमेल सूचना स्वतःच्या पत्त्यावर घ्या. मुलीच्या हाती साधा फोन असेल तर यूपीआयचा विचार सोडा, कार्ड पुरेसं आहे.

कार्ड हातात आलं की ते लगेच ऑनलाइन चालेल असं नाही. २०२० पासूनच्या नियमांनुसार नवं कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून देण्याचे व्यवहार वेगळे चालू करावे लागतात, आणि प्रत्येकाची मर्यादाही आपण ठरवू शकतो. यातलं ऑनलाइन गरजेपुरतं चालू करावं, परदेशी बंदच ठेवावं. टॅपबद्दल थोडा विचार करा: पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत टॅप होतं, म्हणजे हरवलेल्या कार्डावर महिन्याचा सगळा खर्च एका फटक्यात जाऊ शकतो. वसतिगृहात कपाटं सामायिक असतात. टॅप बंद ठेवलेलं बरं. एटीएमची रोजची मर्यादा दीड-दोन हजारांवर आणा. ॲपमधून ती हवी तेव्हा वाढवता येते.

यूपीआय अज्ञान खात्यावर मिळेल की नाही, हे बँकेवर अवलंबून आहे. अर्ज भरण्याआधी विचारा, कारण खातं उघडल्यावर 'या खात्याला ही सोय नाही' असं कळण्यात अर्थ नाही. सोय नसेल तर यूपीआय सर्कल हा मार्ग आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या या सोयीत पालक आपल्या यूपीआयवर पाच जणांपर्यंत दुय्यम वापरकर्ते जोडू शकतो. पूर्ण मुभा दिली तर एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची कमाल मर्यादा असते, त्याखाली आपली मर्यादा लावता येते. अंशतः मुभा दिली तर प्रत्येक खर्चाला पालकाने स्वतःच्या पिनने मंजुरी द्यायची. अंशतः प्रकार ऐकायला सुरक्षित वाटतो, पण मुलगी झेरॉक्सच्या दुकानात उभी आणि आई मीटिंगमध्ये, असं आठवड्यातून तीनदा झालं की दोघीही वैतागतात. पूर्ण मुभा आणि महिन्याला दोन हजारांची मर्यादा, हे जास्त टिकतं. एक मात्र ध्यानात असू द्या: सर्कलमध्ये पैसा पालकाच्या खात्यातून जातो. मुलीची स्वतःची शिल्लक, स्वतःचा हिशोब असा काही तयार होत नाही. खात्याला पर्याय म्हणून ते धरू नका.

प्रीपेड कार्डाचंही तसंच. ते बँक खातं नाही, त्यावर व्याज नाही, आणि थोडक्या माहितीवर दिलेल्या छोट्या कार्डातून रोख काढता येत नाही की कुणाला पैसे पाठवता येत नाहीत. घरी राहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला खाऊचे पैसे द्यायला ठीक आहे. शिष्यवृत्ती तिथे घ्यायचा विचारही नको.

व्याजदराचा हिशोब एकदा मांडून टाकू म्हणजे तो विषय संपेल. महिन्याला चार हजार येणार आणि बहुतेक खर्च होणार. वर्षभराची सरासरी शिल्लक उदारपणे चार हजार धरू. अडीच टक्क्यांनी वर्षाचे १०० रुपये, चार टक्क्यांनी १६०. फरक साठ रुपये. आता दुसरी बाजू. एटीएमचे मोफत व्यवहार महिन्याला स्वतःच्या बँकेत पाच आणि दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महानगरात तीन, इतरत्र पाच. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर जीएसटी, म्हणजे २७ रुपये १४ पैसे. दोन व्यवहार जास्त झाले की चोपन्न रुपये गेले. महानगरांच्या यादीत महाराष्ट्रातून फक्त मुंबई आहे; पुणे, नागपूर, नाशिक इथे पाच व्यवहार मिळतात. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर नुसती शिल्लक बघणंही या मोजणीत येतं, आणि मुलं दिवसाआड शिल्लक बघतात. ती ॲपवर किंवा मिस्ड कॉलवर बघायला शिकवा.

म्हणून दरपत्रक वाचताना व्याजाची ओळ सोडून या ओळी बघा: किमान सरासरी शिल्लक, कार्डाचं वार्षिक शुल्क, हरवलेल्या कार्डाच्या बदली कार्डाचं शुल्क, एसएमएसचं तिमाही शुल्क, आणि मूळ शाखा सोडून दुसरीकडे रोख भरण्याचं शुल्क. शेवटची ओळ वसतिगृहवाल्यांना लागते, कारण खातं गावच्या शाखेतलं असतं. किमान शिल्लकेचा दंड स्टेट बँकेने बचत खात्यांसाठी मार्च २०२० मध्येच काढून टाकला, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून आणि पंजाब नॅशनल बँकेने जुलै २०२५ पासून. काही खाजगी बँकांत मुलांच्या खात्याला ही अट एवढ्यासाठी माफ असते की पालकाचं तिथे मोठ्या शिल्लकेचं खातं असतं. ते खातं बंद केलं की माफीही जाते.

बँक निवडायची कसोटी आता सोपी होते. जिथे आई किंवा वडिलांचं खातं आहे, जिची शाखा आणि एटीएम वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, जी स्वतंत्र अज्ञान खात्यावर कार्ड आणि यूपीआय दोन्ही देते आणि किमान शिल्लक मागत नाही, ती बँक. दोन बँका बरोबरीत आल्या तर जवळच्या शाखेला कौल द्या. अडचण येते तेव्हा ॲप उपयोगी पडत नाही, खिडकीपलीकडचा माणूस पडतो.

पोस्टात दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावाने बचत खातं मिळतं. ५०० रुपयांनी उघडतं, तेवढी शिल्लक कायम ठेवावी लागते, आर्थिक वर्षाच्या शेवटी ती नसेल तर ५० रुपये कापले जातात. व्याज चार टक्के, पण मोजायची रीत वेगळी. बँका २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजतात. पोस्टात महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजलं जातं. महिनाअखेर खातं रिकामं होणाऱ्या मुलीला चार टक्के कागदावरच राहणार. गावात बँकेची शाखाच नसेल किंवा साठवायचे पैसे वेगळे ठेवायचे असतील, तर पोस्ट चांगलं.

सहकारी बँक आणि पतसंस्था यांत गल्लत होऊ देऊ नका. सहकारी बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे: ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाख रुपये. अज्ञान मुलाच्या वतीने पालक म्हणून ठेवलेली रक्कम पालकाच्या स्वतःच्या ठेवींत मिसळली जात नाही, तिची मर्यादा वेगळी धरतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. ओळखीचे संचालक आणि एक टक्का जास्त व्याज यासाठी मुलीच्या शिक्षणाचे पैसे तिथे ठेवायचे का, हे आपलं आपण ठरवावं. मी ठेवणार नाही.

शिष्यवृत्तीसाठी 'आधार लिंक आहे' एवढं पुरत नाही. खात्याला आधार क्रमांक जोडणं ही एक गोष्ट आणि सरकारी रकमा कोणत्या बँकेत पाठवायच्या याची नोंद एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) मॅपर नावाच्या यादीत होणं ही दुसरी. त्या नोंदीलाच सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते, आणि शेवटी जिथे सीडिंग झालं तिथे पैसे जातात. नेहमीचा अपघात असा होतो: महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर एक खातं गृहीत धरलेलं असतं, मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडताना 'अनुदान या खात्यात जमा व्हावं' या चौकोनात टिक पडते, आणि रक्कम भलतीकडे जाते. मग कॉलेज म्हणतं पैसे पाठवले, मुलगी म्हणते आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात. 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघता येते. अर्ज भरण्याआधी ती बघून घ्या. दुसरं, आधारमधली बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पंधराव्या वर्षी नव्याने करावी लागते. १५ ते १७ या वयात ती मोफत होते. ती राहिली असेल तर बँकेत अंगठा जुळत नाही आणि आपण मशीनला दोष देत बसतो.

नावाचा क्रमही बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. क्रम वेगळा असण्याने सहसा अडत नाही. अडतं ते वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असलं, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमीजास्त असलं की. खातं आधारप्रमाणे उघडतं, तेव्हा दुरुस्ती आधी आधारमध्ये करा.

शाखेत जाताना मुलीचं आधार, पॅन असल्यास पॅन आणि नसल्यास त्याऐवजी तिथे मिळणारा फॉर्म, जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड दाखला, दोघांचे फोटो आणि पालकाचं आधार-पॅन न्या. त्याआधी घरी कोऱ्या कागदावर मुलीला एकाखाली एक दहा सह्या करायला लावा. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन शेजारी ठेवून पाहा: सुरुवातीचं अक्षर, शेवटची रेघ, खालचं टिंब. शाळकरी मुलांची सही ही बहुतेकदा सही नसतेच, वहीवर घातलेलं नाव असतं, आणि वळणदार सहीचा हौशी नमुना सहा महिन्यांनी त्यांनाच काढता येत नाही. बँक स्लिपवरची सही संगणकातल्या नमुन्याशी ताडते आणि जुळली नाही तर पैसे देत नाही, ते बरोबरच आहे. साधी, वाचता येणारी, मराठी किंवा इंग्रजी यातल्या एकाच लिपीतली सही ठरवा. आणि वारस नोंद त्याच दिवशी करा. मुलगी अज्ञान असल्याने त्या अर्जावर सही पालकाची लागते.

एक धोका मुलीला स्पष्ट शब्दांत सांगायचा. "तुझ्या खात्यात दहा हजार येतील, नऊ पुढे पाठव, एक तुझा," असं सांगणारा मित्र असो की मित्राचा भाऊ, तो चोरीचा पैसा फिरवतोय. त्या पैशाचा माग लागला की पहिलं खातं गोठतं ते तिचं, आणि जबाबासाठी बोलावलं जातं तिला. कार्ड आणि पिन 'दोन दिवसांसाठी' देणं हेही त्याच जातीचं. आपल्याच खात्यातून अनोळखी व्यवहार झाला तर आधी कार्ड बंद करायचं, मग बँकेला कळवायचं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसेल आणि बँकेला तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा ग्राहकाच्या माथी येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांत आहे. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितलेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

कराचं थोडक्यात. अज्ञान मुलाच्या खात्यातलं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. जुन्या करपद्धतीत दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या पद्धतीत ती नाही. मुलीने स्वतःच्या कौशल्याने किंवा मेहनतीने कमावलेलं, उदाहरणार्थ शिकवण्या किंवा व्हिडिओ संपादन, ते मात्र तिचंच उत्पन्न धरतात. चार हजारांच्या शिल्लकेवर यातलं काहीच लागत नाही. मोठ्या मुदत ठेवी तिच्या नावाने करायच्या असतील तेव्हा लागतं. त्या ठेवी पालकाने चालवायच्या वेगळ्या खात्यात ठेवा, खर्चाच्या खात्याला जोडू नका.

राहिला अठरावा वाढदिवस. त्या दिवसापासून पालकाचा अधिकार संपतो, आणि बँक नवी नमुना सही, चालवण्याच्या नव्या सूचना आणि सज्ञान म्हणून केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याची कागदपत्रं, घेते. हे होईपर्यंत बहुतेक बँका खात्यातले व्यवहार रोखतात. मुलं अठरा पूर्ण करतात ती बहुतेक बारावीच्या किंवा पहिल्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे प्रवेशाचं शुल्क भरण्याच्या हंगामात, आणि खातं नेमकं तेव्हाच अडतं. वाढदिवसाच्या महिनाभर आधी शाखेतून कागदांची यादी घ्या आणि वाढदिवसानंतरच्या पहिल्या आठवड्यात मुलीला घेऊन जा. अज्ञान असताना काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, ते नव्याने काढायला टाका. रूपांतरानंतर खातं कोणत्या प्रकारात जातं आणि त्याला किमान शिल्लक आहे का, हे लेखी विचारा. मुलांच्या खात्याची माफी बहुधा इथेच संपते. तिच्या नावावर म्युच्युअल फंडाची एसआयपी (दरमहा ठराविक गुंतवणूक) असेल तर तीही अठरा पूर्ण होताच थांबते. फंडाकडेही वेगळी केवायसी आणि बँकेकडून प्रमाणित केलेली नवी सही द्यावी लागते, तेव्हा बँकेतल्या त्याच फेरीत तो कागद शिक्का मारून घेतला तर दुसरी खेप वाचते.